व्हँडल म्हणजे कोण

१० फेब्रुवारी

वहिनी,

तू आणि दादा ठीक असाल असं धरून चालते. इथे ठीक नाही, म्हणून लिहिते.

राघूच्या नावाचा दगड कुणीतरी फोडला.

काल सोमवारी शिवणाच्या दुकानात जाताना नेहमीसारखी कारखान्यामागच्या गल्लीत वळले. तुला माहीत आहे, रोज वळते. गेल्या जूनमधल्या आगीत गेलेल्या सात जणांची नावं कंपनीनं एका दगडावर कोरून घेऊन तिथे भिंतीवर लावली, त्यातलं तिसरं माझ्या राघूचं. बरोब्बर माझ्या हाताच्या उंचीला. घुम्यानं दगड कोरण्याआधी मला त्या भिंतीशी उभं करून खडूनं रेघ मारून घेतली होती. मी म्हटलं, काय रे, फ्रॉक शिवतोस का माझा? बोलला नाही, तुझाच मुलगा तो. पण नाव आलं ते तळव्याखाली. रोज तिथे हात टेकवायचा आणि पुढे जायचं. आगीनंतर मला हातात घ्यायला दुसरं काय मिळालं होतं, ते तू पाहिलंच आहेस.

काल तिथे पोत्यांचा पडदा टांगलेला. खाली काळे तुकडे. पोलीस म्हणाला, "मावशी, पुढे चला." मी म्हटलं, "माझा मुलगा आहे तिथे." तो म्हणाला, "इथे कोणी नाही."

कंपनीनं आज सातही घरी चिठ्ठी पाठवली. "काही व्हँडल मंडळींनी मृतांच्या स्मृतीची विटंबना केली आहे." पेपरातही तोच शब्द. शेजारचे पोस्टातले काका म्हणाले, व्हँडल हे आडनाव असणार, एखाद्या टोळीवाल्याचं. तू मॅट्रिक झालेली, वाचनालयात जाणारी. मला शोधून सांग, व्हँडल म्हणजे कोण. नाव कळलं तर शिव्या तरी नीट पत्त्यावर जातील.

सात घरांनी तक्रारीवर सही केली तर शिक्षा कडक होईल, असं कंपनी म्हणते. करू ना?

आणि घुम्या रविवारी जेवायला आला नाही. राघू होता तेव्हा राघू दोघांचं बोलायचा आणि घुम्या दोघांचं जेवायचा. आता मी दोघांचं बोलते. त्यानं स्वतः कोरलेला दगड, कानावर आलं असेल, खोलीत बसून राहिला असेल बिचारा. त्याला दोन ओळी टाक.

तुझी नणंद


१७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचून देवासमोर बसले, पण प्रार्थना नीट झाली नाही. नामाच्या जागी शाप येत होते तोंडात. (पाकीट उलटून पुन्हा चिकटवलंय, चालवून घ्या. टाकवत नाही.)

काल वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी विश्वकोशाचा जाड खंड काढून दिला. तो घरी देत नाहीत, आणि बंद व्हायची वेळ झालेली, म्हणून भाजीची पिशवी पायाशी ठेवून उभ्या उभ्या जमेल तेवढं वाचलं.

पोस्टातले काका फार चुकले नाहीत. व्हँडल हे आडनाव नाही, पण ती एक जमात होती. दीड हजार वर्षांपूर्वीची. थंड मुलखातून निघाली, बायकापोरं घेऊन देशोदेशी भटकली, समुद्र ओलांडून तिथे राज्य केलं, आणि एके दिवशी रोम शहरात शिरली. चौदा दिवस लुटत होती. एका देवळाच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेली कौलं होती, त्यातली निम्मी उतरवून नेली म्हणे. देवाचं छप्पर, वन्सं. त्यांच्यावरून, जो दुसऱ्याच्या वस्तूची उगाच नासधूस करतो त्याला व्हँडल म्हणतात. चोराला निदान ती वस्तू हवी असते. याला काहीच नको असतं. ती तुमच्याकडे असू नये, एवढंच.

मी रोजचा खर्च मांडताना जमा आणि नावे अशा दोन बाजू आखते. अशा माणसाच्या जमेच्या बाजूला काय लिहावं, मला खरंच सुचत नाही.

ज्या हातानं आपल्या राघूचं नाव फोडलं, तो हात पुन्हा कामाचा राहू नये, असं मी देवाला सांगितलं. असं मागू नये, मला कळतं. तरी मागितलं. मी या घरात आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालून शाळेत जात होतात. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं की मला अजून तेच वय दिसतं.

सही करा. मागेपुढे पाहू नका.

घुम्याला लिहिलंय. उत्तर येणार नाही, तुम्हांला माहीतच आहे. दोन घास जास्त वाढा त्याला.

तुमची वहिनी


१ मार्च

वहिनी,

खाली बस आणि मग वाच.

सही केली, तू म्हणालीस तशी. शुक्रवारी चौकीतून बोलावणं आलं. माणूस सापडला, पहारेकऱ्यानं ओळखला, येऊन पाहून जा. गेले. आत बाकावर घुम्या बसलेला. मला वाटलं, यालाही बोलावलंय, दगड याचा म्हणून. मी म्हटलं, "बरं झालं तू आलास. दाखव बघू, कोण आहे तो मेला." त्यानं हात पुढे केले. बेड्या होत्या.

मी विचारलं, "का रे?" पुन्हा विचारलं. खांद्याला धरून हलवलं. हवालदार म्हणाला, "बोलतच नाही तो बाई, दोन दिवस झाले." मी म्हटलं, "लहानपणापासून कमीच बोलतो." आणि मग माझीच मला चीड आली, की मी अजून याचीच बाजू सांगते आहे.

माझ्या ताटात जेवला गं तो, इतके रविवार. राघूचा सदरा घालून जातो, मीच दिलेला.

त्या हाताबद्दल तू काय मागितलं होतंस, ते पत्र माझ्याकडे आहे. फाडलं नाही. तुला ठाऊक होतं का? नसेल तर नाही म्हण. मी विश्वास ठेवीन.

नणंद


५ मार्च

वन्सं,

नाही.

उद्या निघते. तुमच्याकडे उतरणार नाही, त्या तोंडानं मी तुमच्या दारात येऊ शकत नाही. स्टेशनजवळ खोली बघेन. तुमचे दादा पेपर उघडून बसलेत, सकाळपासून पान उलटलेलं नाही.

वहिनी


१६ मार्च

वन्सं,

भेटले त्याला. मध्ये जाळी होती. "जेवलास का?" विचारलं, "हो" म्हणाला. खोटं होतं. मग मी गप्प बसले. त्याच्याकडून काही काढायचं असेल तर आपल्याला गप्प बसावं लागतं, हे मला तो तीन वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. बऱ्याच वेळानं बोलला. तो बोलला तसंच लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

दगड बसवणारे भिंतीला भोकं पाडण्याआधी ती बोटांनी ठोकून बघतात. भरीव वाजली तर दगड धरते. गल्लीतली ती भिंत मध्ये पोकळ वाजली, आणि तेवढ्या भागातला गिलावा नवा होता. यानं कारखान्याच्या मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणाला, "जुनी खिडकी बुजवलीय. तू कडेकडेनं भोकं पाड, तुला काय करायचंय?" यानं पाडली. चारी कोपऱ्यांत लोखंडी आकडे घालून शिसं ओतलं. "राघूचा म्हणून जरा जास्तच पक्का बसवला, आई," म्हणाला.

पुढे डिसेंबरात, आगीतून वाचलेला एक कामगार याच्या दगडाच्या आवारात कामासाठी आला. बोलता बोलता म्हणाला, कारखान्याला मागे एक लोखंडी दार होतं. माल चोरीला जातो म्हणून त्याला बाहेरून अडसर आणि कुलूप. कुठे होतं, तेही सांगितलं. इकडे कंपनीनं आगीच्या चौकशी अधिकाऱ्याला लिहून दिलेलं, की मागे दार कधी नव्हतंच. घुम्याला तेव्हा कळलं, आपण दगड कशावर बसवला. नावांच्या दगडाला कोण हात लावणार? म्हणून तो तिथेच हवा होता त्यांना.

यानं त्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला. पोच नाही. पुन्हा केला. मग ऐकलं, चौकशी मार्चअखेर बंद होणार. त्या रविवारी छिन्नी-हातोडा घेऊन गेला. फोडायला गेला नव्हता, वन्सं. काढायला गेला होता. पोतं नेलं होतं गुंडाळायला, तुमच्याकडे आणून ठेवणार होता. पण शिसं सुटेना. "मीच बसवला होता ना," म्हणाला. छिन्नी घसरली, चीर वर चढली आणि तिसऱ्या नावातून आरपार गेली. ते बघितल्यावर मग त्याला भान राहिलं नाही, मारतच सुटला. आत लोखंड दिसायला लागलं तेवढ्यात पहारेकरी ओरडला, आणि हा पळाला.

"पळालास का?"

"भ्यालो."

"आणि आत्याला का नाही सांगितलंस?"

"तिला काय सांगू? दार होतं म्हणून?"

मला वाटलं, लाजतोय.

तिथून सरळ चौकशी अधिकाऱ्याच्या कचेरीत गेले. स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, पोत्यांच्या पडद्यामागे पाहावे. शिपाई म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत." मी म्हटलं, "जेवू देत सावकाश, माझा उपास आहे." बाकावरून हलले नाही. संध्याकाळी अर्ज घेतला, बुधवारी पडदा काढला. दार आहे. अडसर आहे. कुलूपही तसंच लटकतंय.

घरी आल्यावर वाचनालयात गेले आणि या वेळी बसून ते पान शेवटपर्यंत वाचलं. व्हँडलांनी लुटलं, ते खरं. माणसंही धरून नेली, मी झाकत नाही. पण वेशीवर धर्मगुरूनं विनवलं होतं, जाळू नका, मारू नका, आणि ते त्यांनी बरंचसं पाळलं, असं जाणकार म्हणतात. शहर उभंच राहिलं. दुसऱ्यांनी त्याहून किती मोडलं, त्यांच्या नावाचा शब्द झाला नाही. लेखक लोक त्यांचं नाव मधूनमधून शिवीसारखं वापरत. पण नासधुशीवर त्याचा शिक्का बसला तो तेराशे वर्षांनी, भलत्याच देशात. तिथे लोक आपल्याच देवळांतल्या मूर्ती फोडत होते, आणि त्या प्रकाराला नाव द्यायला एका बिशपला शब्द हवा होता. तोवर त्या जमातीचं एक माणूस उरलं नव्हतं. त्यांच्या बाजूनं लिहिलेला कागद नाही, त्यांची भाषा बोलणारं कोणी नाही. कुणी म्हणायलाच नव्हतं, की थांबा, आमचं ऐका.

घुम्याला मी आहे. म्हणून लिहिलं.

सही मागे घ्या, असं म्हणत नाही. एकदा जाऊन बघा, एवढंच म्हणते.

तुमची वहिनी


३० मार्च

वहिनी,

बघून आले.

सातही घरच्यांना आत नेलं होतं. आगीनंतर मी आत पाऊल टाकलं नव्हतं. दारावर आतून फळ्या ठोकलेल्या, त्या आमच्यासमोर काढल्या. पत्र्याला कंबरेच्या उंचीवर पोचे पडलेत. सगळे एकाच जागी, पलीकडे अडसर असेल तिथे. शेवटची फळी निघाली तशी मागून एक लोखंडी पट्टी खणकन खाली पडली, पुठ्ठा कापायची. टोकाला वाकलेली. पुठ्ठा कापायच्या कामावर राघू एकटाच होता. आणि मुठीला कापड गुंडाळलेलं, करपलेलं. ते मी शिवून दिलं होतं, हाताला घट्टे पडतात म्हणत होता म्हणून.

मला काय सांगितलं होतं ते तुला आठवतं. धूर आला, पोरं बसल्या जागी झोपल्यासारखी गेली, राघूला कळलंसुद्धा नाही. मी त्यावर जगत होते, वहिनी. डोळे मिटले की तो मला यंत्रावर डोकं टेकून झोपलेला दिसायचा. दगडावर हात ठेवायचे तो झोपलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवल्यासारखा.

आता तो झोपत नाही. डोळे मिटले की उठतो, सगळा कारखाना ओलांडून दाराशी येतो आणि मारत राहतो.

आणि मी रोज सकाळी त्याच दारावर, बाहेरून, हात टेकवून कामाला जात होते.

घुम्यानं तुला विचारलं होतं ना, तिला काय सांगू म्हणून. तो लाजत नव्हता. त्याला माझं कळत होतं. तुला नाही कळलं. रागावले नाही तुझ्यावर. आईला आपलंच पोर आधी दिसतं, मी तरी काय वेगळं केलं असतं.

सही काल काढून घेतली. पोरगा खरा आहे, मी कुठेही सांगेन. पण त्याला इतक्यात माझ्याकडे पाठवू नकोस. माझ्याकडे राघूचं शेवटचं जे होतं ते त्याच्या हातून फुटलं, आणि मी दगडाचं म्हणत नाहीये.

नणंद


९ एप्रिल

वन्सं,

तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. कागद फुकट घालवायची मला सवय नाही, त्यावरून समजून घ्या.

तो तुम्हांला काही बोलला नव्हता. पडदा काढा, असं लिहून दिलं ते मी. माझा मुलगा आगीतून काढायला धावले आणि तुमचा पुन्हा आत लोटला. हे कुठल्या बाजूला मांडू? देवाजवळ काय मागायचं तेही सुचत नाही, नुसती हात जोडून बसते. त्या हाताबद्दल मागितलं होतं ते परत मागून घेतलं, तेवढंच.

घुम्या जामिनावर घरी आलाय. पायरीवर बसतो. काल विचारलं, "आत्या काही म्हणाली?" मी म्हटलं, "सही काढून घेतली." म्हणाला, "ते नाही." मग मी आत निघून आले.

कंपनीची स्वतःची तक्रार आहेच, त्यामुळे खटला चालणार. बारा मेला सुनावणी. त्यांचा वकील तुम्हांला साक्षीला बोलावील. आजारी आहे म्हणून कळवा, येऊ नका. पुन्हा ते सगळं तुमच्यासमोर उगाळतील.

तुमची वहिनी


१३ मे

वहिनी,

दादाला ताप म्हणून तू आली नाहीस ते एका परीनं बरं झालं. घुम्या काही सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

गेले मी. कंपनीच्या वकिलानं मला उभं केलं. मला म्हणाला, "दगड फुटल्यानं तुमचं नुकसान झालं की नाही?"

"झालं."

"भरून येण्यासारखं?"

"नाही."

वकील खूश झाला. न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "पाहा, मृताची आईच सांगते आहे. अशा व्हँडल वृत्तीच्या माणसाला..." मी म्हटलं, "ते एका जमातीचं नाव आहे. त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून तुम्ही कुणालाही लावता. माझ्या वहिनीनं अख्खं पान वाचलंय." मागे लोक हसले. न्यायाधीशही हसले, जरासे. म्हणाले, "बाई, विचारलं तेवढंच सांगा. आरोपी तुमचा कोण?"

भाचा, एवढंच म्हणायचं होतं. तसं ठरवूनच गेले होते.

मी म्हटलं, "त्या दारावर मारणारे दोघंच होते, साहेब. माझा मुलगा आतून मारत होता आणि हा बाहेरून. मधल्या सगळ्या महिन्यांत आणखी कोणी मारलं नाही. मी रोज जायचे, पण मी नुसता हात टेकवला."

वकील म्हणाला, आणखी काही विचारायचं नाही. निकाल पुढच्या महिन्यात आहे. घुम्याचे वकील म्हणतात, सौम्य लागेल. मला त्यातलं कळत नाही.

बाहेर पडले तर हा माझ्यामागे. चार पावलं अंतर ठेवून, घरापर्यंत. मी वळून बघितलं नाही. आत गेले, दार लावून घेतलं आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिले. फटीतून त्याची सावली दिसत होती. त्यानं कडी वाजवली नाही. मी उघडलं नाही. असे आम्ही दोघं किती वेळ उभे होतो कोण जाणे. मग सावली गेली.

मला उघडायचं होतं का, माहीत नाही. आज सकाळपासून विचार करते आहे, अजून माहीत नाही. पुढे कधी उघडेन असं वचनही देत नाही, मला ते पाळता येईलसं वाटत नाही.

पण त्याला सांग, पुन्हा येशील तेव्हा नुसता उभा राहून परत फिरू नकोस म्हणावं. वाजव. मी उघडलं नाही तरी वाजवत राहा.

तुझी नणंद